विमानाचा कडता

केदारखेड्याला भालचंद्रराव परतूरकरांच्या शेतात विमान आलं, ते ट्रकमधून आलं. ही गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी, कारण पुढे दोन-तीन कार्यालयांना ते उडत आलं असावं असा संशय होता, आणि उडत आलं असेल तर कुणाच्या परवानगीनं, असा त्यांचा रास्त सवाल होता. तर ट्रकमधून. पंख वेगळे, धड वेगळं, आणि शेपूट तीन गोधड्यांत गुंडाळलेलं. मागे पाच-सहा मोटारसायकली आणि सुटलेली शाळा.

विमान स्वराचं. स्वरा ही भालचंद्ररावांची एकुलती मुलगी. अमेरिकेत नोकरी करता करता या बाईनं घराच्या गॅरेजमध्ये, शनिवार-रविवारी, स्वतःच्या हातानं आख्खं विमान बांधलं. दोन माणसांचं, छोटंसं, पुढं एक पंखा. तिकडे हौशी लोक अशी विमानं घरी बांधतात आणि शेजारी त्यात विशेष काही मानत नाहीत, आपल्याकडे कुणी गच्चीवर पापड घातले तर आपण काय मानतो? तिनं ते तिकडे भरपूर उडवलं. वैमानिकाचा परवाना काढला. मग कंपनीनं पुण्याला बदली दिली, तेव्हा तिनं सोफा विकला, फ्रिज विकला आणि विमान तेवढं इकडे पाठवलं.

हा सगळा खटाटोप आईसाठी होता. उमाबाईंच्या डोळ्यांचा पडदा खराब होत चालला होता. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून शेवटी सांगितलं, की थांबवता येईल तेवढं थांबवू, पण काही पाहायचं राहिलं असेल तर ते लवकर पाहून घ्या. उमाबाई भोकरदनला घरी आल्या, हातपाय धुतले, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी स्वतःसाठी काही मागितलं.

"मला धावडं बघायचंय," त्या म्हणाल्या. "वरून."

"वरून कशाला?" भालचंद्रराव म्हणाले. "एसटीनं जाऊ की. जल्दी पोचतो."

"एसटीनं जाऊन कुणाच्या दारात उभी राहू? अण्णा गेले, दादा गेला, घर विकलं. बोलावणारं कुणी राह्यलं न्हाई. बोलावल्याशिवाय माहेरी जातेत का कधी? वरून जायचं तर कुणाचं बोलावणं लागत न्हाई."

याच्यावर भालचंद्ररावांकडे उत्तर नव्हतं. स्वराकडे होतं, आणि ते ट्रकमधून आलं.

आता भालचंद्ररावांविषयी. ते एका सरकारी कार्यालयातून छाननी शाखेचे अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. छाननी म्हणजे आलेल्या प्रकरणात त्रुटी काढून ते परत पाठवणं. या कामात त्यांचा हात धरणारा आख्ख्या मराठवाड्यात नव्हता. लाच म्हणाल तर चहाचा घोटही बाहेरचा घेतला नाही. मंत्र्याची चिठ्ठी आली तर चिठ्ठीवर तारीख नाही म्हणून ती परत. स्वतःच्याच निवृत्तिवेतनाच्या प्रकरणात त्यांनी त्रुटी काढली होती, आणि ती खरी निघाली, हे ते आजही पाहुण्यांना सांगतात. उमाबाई तेव्हा आत जाऊन चहा टाकतात.

"विमान तुझं, कागद माझे," त्यांनी मुलीला सांगितलं. "तू बिलकुल काळजी करू नको." स्वराला हायसं वाटलं. पोरगी तिकडे राहून जरा भोळी झाली होती.

विमान आलं, जोडलं, शेताच्या मुरमाड पट्टीवर उभं राहिलं. स्वराचा उडवायचा परवाना इकडे विनातक्रार मान्य झाला. माणसाचं काम झालं. राहिलं ते विमानाचं. ते उडण्यालायक आहे असं विमान खात्यानं लिहून द्यायचं होतं, आणि त्यासाठी खात्याचं पहिलं पत्र आलं. 'सदर विमान अर्जदाराने केवळ हौसेखातर व निम्म्याहून अधिक स्वतः बांधल्याबाबत सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडावा. अन्यथा सदर विमान घरगुती समजता येणार नाही.'

"बाबा, मी फोटो दिलेत की," स्वरा म्हणाली. "एकेका रिव्हेटचा फोटो आहे."

"फोटो म्हणजे फोटो असतो, बेटा. पुरावा म्हणजे दाखला."

भालचंद्रराव तलाठी कार्यालयात गेले. तिथल्या शीतलताई कामाला चोख, स्वभावाला गोड. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. "काका, उत्पन्नाचा दाखला देते, रहिवासाचा देते, हयातीचा पण देते. हौसेचा नमुनाच वरून आला न्हाई."

"पण हौस तर आहे ना तिला?"

"ते मी कसं सांगू? मी पाह्यली का? पंचनामा करावा लागंल."

पंचनामा करायचा तर छापील नमुना हवा. कार्यालयात त्या वेळी एकच नमुना शिल्लक होता, गारपिटीनं झालेल्या पीक नुकसानीचा. शीतलताई तोच घेऊन घरी आल्या. पंच म्हणून शेजारच्या पुष्पाबाईंना बसवलं. पुष्पाबाईंनी शपथेवर सांगितल्यासारखं सांगितलं, "लहानपणी हिनं आमचा मिक्सर खोलून ठेवल्ता. चटणी वाटायची तशीच राह्यली. पाहुणे दारात. याला हौस न्हाई म्हणायचं तर काय म्हणायचं?"

ते लिहून घेतलं गेलं. पिकाचे नाव: विमान. नुकसानीचे कारण: हौस. बाधित क्षेत्र: निम्म्याहून अधिक. खाली गोल शिक्का. विमान खात्यानं हा दाखला चकार शब्द न काढता स्वीकारला. भालचंद्ररावांना मात्र दोन दिवस करमलं नाही. एवढ्या मोठ्या कार्यालयानं एकही त्रुटी काढू नये, हे त्यांना बरं लक्षण वाटेना.

त्यांची चिंता फुकट गेली. दुसरं पत्र आलं. 'रिकाम्या विमानाचे वजन शासनमान्य काट्यावर करून मूळ पावती सादर करावी.'

स्वराकडे स्वतःचे काटे होते. तीन चाकांखाली तीन ठेवायचे, की ग्रॅमपर्यंत वजन सांगत. पण ते शासनाला मान्य नव्हते. शासनाला मान्य असलेला सगळ्यात जवळचा काटा होता भोकरदनच्या मोंढ्यात, जिथं मका आणि कापूस मोजतात. तेव्हा विमान पुन्हा सोडलं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरलं. पुष्पाबाईंनी पंख्याला हळदकुंकू लावलं आणि शेपटाला लिंबू-मिरची बांधली. लिंबू-मिरचीचं वजन विमानात धरू नये, म्हणून काट्यावर जाण्याआधी स्वरानं ती सोडून ठेवली. पोरीची सावधगिरी बघा.

काट्यावर कचरूभाऊ. उभा जन्म मोंढ्यात गेलेला माणूस. त्यांनी ट्रॉली भरलेली मोजली, रिकामी मोजली, वजाबाकी केली. साडेतीनशे किलो. स्वराचा चेहरा खुलला, कारण तिच्या काट्यांचंही बराबर तेवढंच होतं. मग कचरूभाऊंनी पावती लिहायला घेतली. एकूण तीनशे पन्नास. कडता सात. निव्वळ तीनशे त्रेचाळीस.

कडता म्हणजे काय हे शहरातल्या वाचकाला सांगावं लागेल. मोंढ्यात माल आला की क्विंटलमागं दोन किलो कापायचे. का? तर मालात माती असते, ओल असते, काडीकचरा असतो. आणि नसला, तर असू शकला असता. आजा कापत होता, बाप कापत होता, म्हणून नातू कापतो. सरकारनं कडता बंद केल्याचं अधूनमधून ऐकू येतं. तेवढा एक दिवस तो हळू आवाजात कापतात.

"काका, विमानात कसली माती?" स्वरानं विचारलं.

"केदारखेड्याहून आणलं न्हाई का? चाकाला आसंलच."

"चाकं धुतलीत मी."

"धुतली? मंग ओल आली."

"अहो, हे धातूचं आहे!"

कचरूभाऊंनी पेन खाली ठेवलं. चिडले नाहीत. "पोरी, तुझ्या मालावर माझा काही राग न्हाई. माल एक नंबर दिसून राह्यला. पण ह्या काट्यावर आमदाराचा कापूस आला तरी कडता जातो. आज तुला सोडलं, तर उद्या सगळा मोंढा माझ्या दारात उभा राहील. त्यांना काय सांगू?"

सगळे भालचंद्ररावांकडे पाहू लागले. भालचंद्रराव पावती पाहत होते. अनुक्रमांक होता. सही होती. शिक्का स्वच्छ उठला होता. कुठं खाडाखोड नाही. इतकी देखणी पावती त्यांनी निवृत्तीनंतर पाहिली नव्हती.

"पावती बराबर आहे," ते म्हणाले. "कडता रिवाजाप्रमाणे आहे, आणि उघड दाखवलाय. लपवला असता तर गोष्ट वेगळी."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच. पण त्या वेळी ते कुणाला कळलं नाही, आणि स्वराला कळलं असेल तरी ती वडिलांच्या कौतुकभरल्या तोंडाकडे बघून गप्प बसली.

तिसरं पत्र वाचायला स्वरानं चष्मा काढून पुन्हा घातला. 'अर्जदाराच्या बांधणी तपशिलानुसार विमानाचे वजन ३५० किलो असून शासनमान्य पावतीनुसार ते ३४३ किलो आहे. सबब विमानातील सात किलो भाग अभिलेखावर आढळून येत नाही. जो भाग अभिलेखावर नाही, तो विमानात असणे आक्षेपार्ह आहे. सदर भाग सिद्ध करावा अथवा काढून टाकावा.'

"काय लिहिलंय!" भालचंद्रराव म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. गवयानं दुसऱ्या गवयाची तान ऐकून मान डोलवावी तसे ते मान डोलवत होते.

"बाबा, आपण जालन्याला जाऊ. दुसऱ्या काट्यावर मोजू. तिथं सांगू, कडता नको म्हणून."

"दुसरी पावती आली की पहिली खोटी ठरली. खोटी पावती कुणी जोडली? अर्जदारानं. अर्जदार कोण? तू. मंग विमान राहील बाजूला आणि तुझीच चौकशी लागंल. न्हाई, आपण खुलासा करू."

त्यांनी खुलासा केला. कडत्याचा उगम, निजामाच्या काळातला कडता, ओला कडता, सुका कडता, असा तो सविस्तर खुलासा त्यांनी चार रात्री बसून लिहिला. उत्तर आलं ते दोन ओळींचं. ''कडता' ही संज्ञा नियमावलीत आढळत नाही. तथापि ती वजाबाकी असल्याचे दिसते; सबब वजाबाकी मान्य करण्यात येत आहे.'

हे सगळं चाललं असताना घरात आणखी एक वजाबाकी चालली होती, आणि तिला पावती नव्हती. विमान आलं तेव्हा उमाबाई तांदळातले खडे बघून काढत. पहिल्या पत्रापर्यंत त्या ताट उन्हाकडे तिरकं धरू लागल्या. तिसरं पत्र आलं तोवर खडे बोटांनी चाचपून निघत होते, आणि दारात आलेलं माणूस बोलेपर्यंत त्या नुसत्या हसून बघत. भालचंद्ररावांना हे दिसत नव्हतं असं नाही. त्यांना रात्री झोप यायची नाही. बायकोवर त्यांचा जीव होता, तो कुणाला दाखवायची पद्धत त्यांच्या घराण्यात नव्हती, एवढंच. ते पहाटे उठायचे आणि आणखी एक स्मरणपत्र लिहायचे. त्यांना येणारी मदत तीच होती.

शेवटी तपासणीला अधिकारी आले. नागसेन खिल्लारे नावाचे, तरुण, उन्हानं लाल झालेले. त्यांनी विमानाभोवती दहा फेऱ्या मारल्या. इंजिन पाहिलं, पंखा हातानं फिरवला, पंखांखाली आडवे होऊन बोल्ट तपासले. मग शर्टाची माती झटकत उठले आणि म्हणाले, "मॅडम, मी कारखान्यात बनलेली विमानं पाह्यलीत. त्यांच्यापेक्षा हे स्वच्छ काम आहे. माझी काहीच हरकत नाही." स्वराच्या डोळ्यांत पाणी आलं. "फक्त ते सात किलो राहिलेत."

"पण ते सात किलो कुठं गेलेलेच नाहीत हो," स्वरा म्हणाली.

"गेलेले नाहीत हे मलाही माहीतये. पण कागदावर ते नाहीत असं लिहिलंय, आणि विमानात ते आहेत. वरिष्ठ म्हणतात, कागद आता बदलत नाही. विमान बदलता येत असेल तर बघा."

मग शोध सुरू झाला. इंजिन काढता येत नाही. पंखा काढला तर विमान कसलं? चाकं लागतात. खिल्लारे वहीत टिपत होते, स्वरा डोकं धरून बसली होती. भालचंद्रराव मात्र बांधणीचा तपशील मांडीवर घेऊन एकेक ओळ बोटानं पाहत होते. जन्मभराची सवय. कुठल्याही प्रकरणात मेळ बसत नसेल, तर तो कुठंतरी बसतोच, फक्त चिकाटी लागते.

"सापडलं!" ते ओरडले. "हे बघा. उजव्या बाजूचं आसन, गादी आणि पट्ट्यासकट, सात किलो. बरोबर सात! ना कमी, ना जास्त!"

आनंदानं त्यांनी वर पाहिलं. गणित सुटल्यावर पोर मास्तरांकडे बघतं तसं. खिल्लारे जमिनीकडे बघत होते. स्वरा वडिलांकडे बघत होती. बांधाच्या कडुनिंबाखाली उमाबाई बसल्या होत्या, त्या कुठं बघत होत्या ते सांगता येणार नाही.

"उजवी सीट माझी ना?" त्यांनी विचारलं.

भालचंद्ररावांच्या चेहऱ्यावरचा आनंद उतरायला थोडा वेळ लागला, कारण मेळ खरोखरच सुंदर बसला होता.

आसन निघालं. "आता पुन्हा वजन करून आणू का?" भालचंद्ररावांनी विचारलं. खिल्लारे दचकले. "अजिबात नको, काका. पुन्हा काट्यावर नेलं की पुन्हा कडता जाईल. मग पुन्हा काहीतरी काढा, पुन्हा वजन करा. शेवटी नुसती पावती हातात राहील." त्यांनी तिथंच जीपच्या बॉनेटवर परवाना लिहिला. विमान उडण्यास योग्य. आसनसंख्या एक.

जाताना त्यांनी बापलेकीला बाजूला घेतलं. "मी एक सांगतो, आणि मी ते सांगितलेलं नाही. चार बोल्टांचं काम आहे. मॅडमनी हे विमान दोन माणसं घेऊनच वापरलंय, त्यात धोका काडीचा नाही. मी परत इकडे येत नाही. आमच्या ऑफिसात केदारखेडा नकाशावर कुणी दाखवू शकणार नाही. काकूंना एक चक्कर मारून आणा." जीप गेली. या तरुण अधिकाऱ्याविषयी भालचंद्ररावांच्या मनात जो आदर उत्पन्न झाला होता, तो तेवढ्या बोलण्यानं पार धुऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडलेला होता. आभाळ स्वच्छ. पूर्णेच्या पात्रापर्यंत सगळं निवांत. पट्टीच्या कडेला अर्धं केदारखेडं जमलेलं. भालचंद्रराव नारळ आणि परवान्याची प्लॅस्टिकमधली प्रत घेऊन आले, तर उमाबाई विमानात बसलेल्या. उजव्या बाजूला. जांभळी साडी, अंबाड्यात अबोली, छातीवरून पट्टे आवळलेले, आणि मांडीवर स्टीलचा डबा.

"डब्यात काय आहे?" पुष्पाबाई खालून विचारत होत्या.

"बेसनाचे लाडू. माहेरी रिकाम्या हातानं जावं का?"

"आन् देणार कसे? वरून टाकणार?"

उमाबाई हसल्या. इतकं मोकळं हसलेलं त्यांना बऱ्याच दिवसांत कुणी पाहिलं नव्हतं. "न्हाई गं. नेले होते, एवढं तरी म्हणता येईल."

भालचंद्रराव विमानाच्या पुढे, पंख्याच्या समोर जाऊन उभे राहिले.

"आसन कुणी बसवलं?"

"मी," स्वरा म्हणाली. "बाबा, बाजूला व्हा. इंजिन चालू करायचंय."

"परवान्यात एक आसन आहे."

"इथं कोण बघतंय?"

"मी बघून राह्यलो ना," भालचंद्रराव म्हणाले.

आता खोटं कशाला बोला, त्यांच्या मनात बाजूला व्हावं असंच होतं. एक पाऊल डावीकडे टाकलं असतं की संपलं असतं सगळं. पण त्यांच्या डोळ्यांपुढं त्यांनी परत पाठवलेली माणसं उभी राहिली. एका शिक्क्यासाठी परतूरहून तीनदा आलेली विधवा. नावात एक काना जास्त म्हणून परत गेलेला मास्तर. त्यांना परत पाठवताना त्यांनी तोंड पाहिलं नव्हतं, ओळख पाहिली नव्हती. तोच तर जन्मभराचा अभिमान होता.

"उमा," ते म्हणाले, "ऐक. आज तुला सोडलं, तर मंग त्या सगळ्यांना का अडवलं होतं?"

उमाबाईंनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"हां," त्या म्हणाल्या. "का अडवलं होतं?"

भालचंद्ररावांनी खिसा चाचपला. उत्तर सुचत नसलं की ते पेन शोधत. पेन सापडलं, पण लिहायला काही नव्हतं. ते उभे होते तिथंच उभे राहिले. शेवटी उमाबाईंनीच पट्टे सोडले, डबा काखेत धरला आणि पुष्पाबाईंचा हात धरून खाली उतरल्या. रडल्या नाहीत. "लाडू पोरांना वाटून टाका," एवढंच म्हणाल्या. स्वरानं चार बोल्ट काढले. आसन बांधावर ठेवलं गेलं आणि विमान उडालं, शंभर टक्के नियमानुसार.

स्वरा एकटी धावड्याला जाऊन आली. गावावरून दोन घिरट्या घातल्या, फोनवर चित्रीकरण केलं आणि उतरल्या उतरल्या फोन आईच्या हातात दिला. उमाबाईंनी तो डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"हे पांढरं मोठं काय? गावचं तळं का?"

"न्हाई गं आई," स्वरा म्हणाली. "तो माझा अंगठा आलाय काचेपुढं."

"आस्सं. मंग तळं कुठंय?"

स्वरानं आईचं बोट धरून काचेवर ठेवलं. "इथं." उमाबाई त्या गुळगुळीत काचेवरून बराच वेळ बोट फिरवत राहिल्या. भालचंद्रराव जवळच उभे होते. ते विमानाच्या चाकाची हवा तपासायला गेले.

पट्टीवर जमलेल्यांपैकी कुणीतरी सकाळचा सगळा प्रसंग फोनवर टिपला होता. संध्याकाळपर्यंत तो मजकुरासकट भोकरदनभर झाला. 'कर्तव्यापुढे पत्नीही नाही! नियमासाठी स्वतःच्या पत्नीला विमानातून खाली उतरवणारा बाणेदार अधिकारी! अशी माणसं आहेत म्हणून देश चालतो. अभिमान वाटला तर पुढे पाठवा.' खाली तिरंगा, वर उगवता सूर्य. आठवड्याच्या आत भालचंद्ररावांचा मंगल कार्यालयात सत्कार झाला. शाल, श्रीफळ, मानपत्र. सहा वक्ते बोलले. कचरूभाऊ आले होते. त्यांनी हात हातात घेऊन, "साहेब, तुम्ही आमच्यातले निघाले," असं मनापासून सांगितलं. मानपत्रात एक वेलांटी चुकली होती. भालचंद्ररावांना ती दिसली, पण आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी ती दाखवली नाही.

तो मजकूर उमाबाईंना पुष्पाबाईंनी मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला.

"त्या बाईचं नाव न्हाई का लिहिलं?" त्यांनी विचारलं.

पुष्पाबाईंनी वर-खाली सरकवून पाहिलं. "न्हाई. पत्नी, एवढंच आहे."

आता तुम्ही भालचंद्ररावांवर रागावला असाल. रागवा, पण जरा बेतानं. तो मजकूर जालन्याहून संभाजीनगरला गेला, तिथून पुण्याला, आणि मग तुमच्याकडेही आला होता. सकाळचा चहा घेता घेता तुम्ही तो वाचलात, ऊर भरून आला, जोडलेले दोन हात टाकलेत आणि सासरच्या, ऑफिसच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर पाठवून दिलात. इतक्या गावांतून तो फिरला, पण सोसायटीच्या ग्रुपवर तुमच्या खालच्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी तेवढं विचारलं, "पण त्या बाईंना जायचं कुठे होतं?" ग्रुपचे ॲडमिन तुम्ही. तुम्ही ताबडतोब उत्तर दिलंत, "कृपया चांगल्या पोस्टमध्ये त्रुटी काढू नयेत."